हाताचा टाका आणि मशीनची टीप

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्षभर हौस म्हणून पाकिटं, कार्ड ठेवायचे खिसे आणि पट्टे करताय, हात बऱ्यापैकी बसलाय, पण टाके घालण्यात अख्खा रविवार जातो आणि संध्याकाळी मनगट ठणकतं. घरात कपडे शिवायचं मशीन आहे. त्यावर चामडं चालेल का, की चामड्यासाठी वेगळं जड मशीन घ्यावं? आणि हातशिलाई मशीनपेक्षा खरंच जास्त टिकते, की हौशी मंडळींनी आपल्या समाधानासाठी जपलेली ती एक समजूत आहे?

माझ्याकडे दोन्ही आहे. १६ वर्षं हाताने शिवते आहे आणि त्यातली शेवटची ९ वर्षं मशीनही त्याच खोलीत आहे, त्यामुळे कुठल्या एका बाजूने भांडायचं मला कारण नाही. उत्तर मात्र शेवटच्या प्रश्नापासून द्यावं लागेल, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

हाताने आपण जो टाका घालतो, ज्याला खोगीर शिवणाऱ्यांवरून सॅडल स्टिच म्हणतात, तो म्हणजे भोकांच्या एकाच ओळीतून उलटसुलट गेलेले दोन धावदोरे. दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात. म्हणजे दोऱ्याचं प्रत्येक टोक पुढून मागे, मागून पुढे असं दर वेळी पूर्ण जाडी पार करतं. मशीनवर मारलेली टीप वेगळी. तिथे वरचा दोरा वरच्याच बाजूला राहतो आणि बॉबिनचा खालच्या. दोघं चामड्याच्या पोटात भेटतात, एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला परततात. दोन माणसांनी आपापली तर्जनी वाकवून एकमेकींत अडकवावी, तसं.

आता टाका तुटला तर काय होतं ते बघा. सांगण्यापेक्षा करून बघा: चामड्याच्या दोन पट्ट्या हाताने शिवा, दुसऱ्या दोन मशीनवर, आणि दोन्हींचा मधला एक टाका वरून ब्लेडने कापा. हाताच्या शिवणीत त्याच जागी मागच्या अंगाला दुसरा दोरा शाबूत असतो, आणि शेजारच्या भोकांत दोन मेणलेले दोरे एकमेकांना घट्ट दाबून बसलेले असतात. पट्ट्या ओढल्या तरी फारसं काही घडत नाही. मशीनच्या शिवणीत मात्र वरची तर्जनी गेली की खालच्या दोऱ्याला अडकायला काही उरत नाही. तो तिथे सरळ पडतो आणि दोन्हीकडचे तीन-चार टाके ढिले होतात. मशीनचा दोरा गुळगुळीत असतो, त्यामुळे हे ढिलेपण वापरात हळूहळू पुढे सरकतं. मात्र ‘मशीनचा एक टाका तुटला की सगळी शिवण उसवते’ असं जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. तसं होतं साखळी टाक्याचं. सिमेंटच्या गोणीचं तोंड एक दोरा ओढून सर्रकन उघडतं, तो साखळी टाका. चामड्याची मशीनं सहसा तो घालत नाहीत.

म्हणजे हातशिलाई तुटल्यानंतर जास्त तग धरते. पण तुटण्याआधी? तिथे फरक जवळपास शून्य. सरळ ताण दिला तर चांगल्या दोऱ्याच्या आधी बहुतेक वेळा चामडंच दोन भोकांच्या मधून फाटतं, शिवण हाताची असो की मशीनची. मशीनचा टेक्स १३५ जाडीचा (टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन) बाँडेड, म्हणजे लेप देऊन पेड चिकटवलेला, नायलॉन दोरा एकेरी सुमारे १० किलो वजन पेलतो. पाकिटावर एवढा ताण कधीच येत नाही. पाकिटाची शिवण जाते ती घासून घासून: खिशात जाता-येता, पृष्ठभागावर उठून दिसणारा दोरा झिजतो. म्हणून टिकाऊपणाचा प्रश्न ‘शिवण कुठे घासली जाणार’ असा विचारा. पट्ट्याची बकलजवळची शिवण, पिशवीच्या बंदाचा जोड, चाव्यांच्या म्यानाचं तोंड इथे हाताचा टाका आपली किंमत वसूल करतो. पाकिटाच्या आतल्या कप्प्याला तो घातला काय अन् न घातला काय, टिकण्याच्या दृष्टीने सारखंच.

आणि एक कबुली. वाईट हातशिलाई ही चांगल्या मशीनच्या टिपेपेक्षा कमजोर असते. दुसरी सुई घालताना ती पहिल्या दोऱ्यालाच टोचून आरपार गेली, तर दोरा तिथे चिरतो आणि टाका कधीच नीट आवळला जात नाही. माझ्या पहिल्या वर्षाचे पट्टे आज समोर आले तर मीच ते उसवून पुन्हा शिवीन.

इथे थोडं मागे जाते, कारण मशीनची खरी अडचण इतिहासात फार छान दिसते. शिवणयंत्राचा पहिला पूर्ण आराखडा मानला जातो तो इंग्लंडमधल्या थॉमस सेंटचा, १७९० सालचं पेटंट. हे यंत्र मुळात चामडं आणि कॅनव्हास यांसाठी कल्पिलेलं होतं, कपड्यासाठी नव्हे. त्यात आधी एक आरी खाली येऊन भोक पाडणार आणि मग दुसरी, टोकाला खाच असलेली सुई त्या भोकातून दोरा खाली ढकलणार अशी रचना होती. म्हणजे भोक पाडणारा वेगळा आणि दोरा नेणारा वेगळा. अगदी आपल्या हातांसारखं. पुढे १८४६ मध्ये अमेरिकेत एलियस हौने पेटंट घेतलं त्यात टोकाजवळ नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा आणणारं शटल एकत्र आले आणि आजच्या टिपेचा मार्ग मोकळा झाला. त्यात भोक पाडणं आणि दोरा नेणं ही दोन्ही कामं एकाच सुईच्या गळ्यात पडली. कापडात भोक पाडायचं काम जवळपास नसतंच, धागे बाजूला सरकतात. चामड्यात ते खरोखर कापावं लागतं. हाताने शिवताना आपण आरी धारदार ठेवतो आणि सुया बोथट. मशीनच्या सुईला एकाच वेळी धारदार, जाड आणि गुळगुळीत व्हावं लागतं. चामड्यावर मशीन त्रास देतं त्यातला बहुतेक त्रास इथूनच निघतो.

आता तुमचं घरचं मशीन. सुई तळाला जाऊन जरा वर येते तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा एक छोटा फुगा तयार होतो आणि खालच्या हुकाचं टोक त्या फुग्यात शिरून टाका पकडतं. चामडं सुईला घट्ट धरून ठेवतं. सुई वर निघाली की चामडंही तिच्यासोबत वर उचललं जातं, फुगा बनत नाही, हुक रिकामा फिरतो आणि टाका सुटतो. लोक दोऱ्याचं टेन्शन पिळत बसतात, पण रोग टेन्शनचा नसतोच. मशीनचा पाय चामड्याला पुरेसं दाबून धरत नाही, हे खरं कारण.

दुसरा घोळ चालीचा. घरगुती मशीनमध्ये कापड पुढे नेतात ते फक्त खालचे दाते. वरचा पाय नुसता दाबून बसतो. चामडं रबरासारखं चिकटतं, म्हणून खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. ३० सेंटिमीटरची शिवण संपेपर्यंत दोन काठांत चांगला ५ मिलिमीटरचा फरक पडलेला असतो. शिवाय ४ मिलिमीटरला लावलेला टाका प्रत्यक्षात कुठे ३ तर कुठे अडीच येतो. कापडात उसवून पुन्हा शिवता येतं, चामड्यात नाही. पडलेलं भोक पडलंच. चुकून आखूड पडलेल्या टाक्यांची ओळ म्हणजे तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाडायची सोय.

तिसरं, दोरा. कपड्याचा नेहमीचा दोरा टेक्स २७ ते ३० च्या घरातला. घरगुती मशीन नेटाने टेक्स ७० पर्यंत जातं, त्यापुढे दोरा ना बॉबिनकेसमधून नीट सुटतो ना सुईच्या नेढ्यातून. चामड्यावर टेक्स ३० ची टीप दिसायलाही केविलवाणी, जणू सुटकेसला शर्टाची शिवण.

माझं पहिलं मशीन मी असंच घालवलं. दोन थर व्हेज टॅन (झाडांच्या सालीत कमावलेलं कडक चामडं), मिळून साडेतीन मिलिमीटर. खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं होतं म्हणून छाती फुगलेली. दहा-बारा टाके पडले, मग सुई वाकली, वाकलेली सुई हुकावर आपटली आणि हुक-सुईचा मेळ बिघडला तो कायमचा. दुरुस्ती करणाऱ्याने मशीन उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलला नाही.

तरीही घरच्या मशीनला अडगळीत टाकू नका. मऊ, कपड्याच्या जातीचं चामडं आणि सगळे थर मिळून सव्वा-दीड मिलिमीटर, इथवर ते उत्तम चालतं. चामड्याची टोकदार पात्याची सुई घ्या, ९० किंवा १०० नंबरची. हा नंबर म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १०० म्हणजे १ मिलिमीटर. टेफ्लॉनचा पाय लावा, तो नसेल तर चामड्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. टाका साडेतीन-चार मिलिमीटर ठेवा. टाचण्या लावू नका, क्लिपा लावा. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप मारू नका. त्याच भोकांच्या आसपास पुन्हा सुई घुसली की चामडं तिथे चिंध्या होतं. दोऱ्याची टोकं लांब सोडा, मागे ओढून गाठ मारा. आणि जिथे थर वाढतो तिथे पेडल सोडून हाताने चाक फिरवा. चाक हाताने फिरत नसेल तर मोटरनेही ते फिरवायला लावू नका.

चामड्याचं खरं मशीन ओळखायचं ते त्याच्या चालीवरून. त्यात खालचे दाते, सुई आणि वरचा पाय तिघं मिळून चामडं पुढे नेतात. सुई चामड्यात रुतलेली असतानाच सगळं पुढे सरकतं, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरायला वावच राहत नाही. नुसतं ‘वॉकिंग फूट’ (चालणारा पाय) म्हटलं तर सुई चालते की नाही हे कळत नाही, म्हणून ‘सुईसकट तिन्हींची चाल आहे का’ असं स्पष्ट विचारा. अंगावरून तीन जाती: सपाट टेबलाची, नळीसारख्या भुजेची आणि उभ्या खांबाची. पट्टे आणि पाकिटांना सपाट पुरते. पिशवीच्या बाजू जोडायच्या तर भुजेचीच हवी, नाहीतर शेवटच्या कोपऱ्यात पिशवी मशीनभोवती गुंडाळत बसाल. खांबाची मुख्यतः बूट आणि खोल पिशव्यांसाठी.

पण हौशी माणसाला कुणी धड सांगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. पाकिटापासून खोगिरापर्यंत सगळं शिवणारं एक मशीन नसतं. सोफ्याची कव्हरं शिवणारा मशीनांचा मध्यम वर्ग टेक्स ७० ते १३५ दोऱ्यावर खुशीत चालतो आणि सात-आठ मिलिमीटर मऊ जाडी घेतो. ज्यूकीच्या ४४१ सारखा आणि त्याच्या नकलांचा जड वर्ग २ सेंटिमीटरच्या आसपास चामडं भेदतो, पण त्यावर दोन मिलिमीटरचं पाकीट ठेवलं की हत्तीने टाचणी उचलावी तसं होतं. जाड सुई, खरबरीत दाते, पायाचा जबर दाब. पाकीट चेमटतं.

दोऱ्याचंही गणित आहे. तुम्ही हाताने ०.६ मिलिमीटरचा दोरा वापरत असाल. मशीनच्या दोऱ्यात त्याच्या तोडीचा म्हणजे टेक्स २७०, आणि त्याला २०० नंबरची, म्हणजे २ मिलिमीटर जाड सुई लागते. दोन दोऱ्यांची अडकवण चामड्याच्या पोटात लपायला हवी. पाकिटाच्या दीड-दोन मिलिमीटर जाडीत एवढ्या जाड दोऱ्याची अडकवण मावतच नाही, वर नाहीतर खाली डोकावते. म्हणून पाकिटावर मशीन चालवायचं तर दोरा टेक्स ७० किंवा ९० वर आणावा लागतो, सुई ११०-१२० वर, आणि मग ते मशीनचंच दिसतं. सुबक दिसतं, पण हातच्या टाक्यासारखं दिसत नाही. ‘हाताने शिवल्यासारखं दिसणारं मशीन’ अशी जाहिरात दिसली की मी आधी विचारते: किती जाडीवर, आणि मागची बाजू दाखवा.

हाताच्या टाक्याला जो तिरकेपणा येतो तो आरीच्या, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराच्या पात्यामुळे आणि दोन दोरे एका ठरावीक क्रमाने भोकात बसल्यामुळे. मशीनवर त्याची थोडी नक्कल सुईच्या टोकावरून साधते. एलआर प्रकारचं टोक ओळीला तिरका छेद देतं, त्यामुळे वरचा टाका किंचित कलतो. एस टोक ओळीच्या दिशेनेच कापतं, दोरा सरळ रेषेत बसतो. लांब टाक्याला छान, पण टाके जवळ घातलेत तर छेद एकमेकांना भेटायला निघतात. पी टोक ओळीला आडवं कापतं, जवळच्या टाक्यांना बरं. मागची बाजू मात्र कुठल्याही टोकाने हातासारखी होत नाही. सुई बाहेर पडताना भोकाभोवती चामडं थोडं फुगतंच.

व्हेज टॅनवर पायाच्या आणि दात्यांच्या खुणा उमटतात, हाही त्रास धरून चाला. पायाच्या कडा घासून गोल कराव्या लागतात, दाते बोथट करावे लागतात किंवा काढून सपाट पट्टी लावावी लागते. उरलेल्या खुणा हाडाच्या पट्टीने घासून जमतील तेवढ्या मिटवायच्या. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं, मऊ असतं, त्यावर हे फार जाणवत नाही.

मोटरबद्दल दोन ओळी पुरेत: सर्वो, म्हणजे पेडल दाबाल तेवढीच फिरणारी मोटर, घ्या. जुनी क्लच मोटर सतत पूर्ण वेगाने फिरत असते आणि पायाने क्लच अर्धवट दाबून वेग सांभाळायचा असतो. नवख्याच्या हाती ते मशीन लगाम तुटलेल्या घोड्यासारखं पळतं. सर्वोवर एकेक टाका मोजून घालता येतो, आणि कोपरा वळवताना दुसरं काही चालत नाही.

आता वेळ. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं. मी एकदा घड्याळ समोर ठेवून एका दुमडीच्या पाकिटाचे टप्पे लिहून काढले होते. कापणं ४० मिनिटं, रापीने कडा पातळ करणं ३०, चिकटवणं २५, आखून भोकं पाडणं २५, टाके ७०, आणि कडा घासून चमकवणं ८०. एकूण साडेचार तास. त्यात भोकं आणि टाके मिळून ९५ मिनिटं, एक तृतीयांशाला थोडं जास्त. मशीनवर ते ९५ जाऊन १० आले. पण त्या रंगाचा दोरा घालणं, बॉबिन भरणं, सुई बदलणं, त्याच जाडीच्या तुकड्यावर टेन्शन जुळवणं यात २५ मिनिटं गेली. वाचला एक तास. कडा तेवढ्याच वेळात झाल्या आणि कापणंही.

तेच दहा पाकिटं एका रंगात, एका जाडीत केली तर? हाताने ९५० मिनिटं, मशीनवर २५ अधिक १००. तिथे मशीनशी स्पर्धाच नाही. पण दर वेळी वेगळी वस्तू, वेगळं चामडं, वेगळा दोरा अशी हौस असेल तर दर वेळी ती जुळवाजुळव आलीच. मशीनच्या जुळवणीचे दिवस मला चांगले आठवतात. शिवायला बसले की निम्मा वेळ मी चामड्याशी नाही, टेन्शनच्या चकत्यांशी बोलत असायचे.

पट्ट्याचा हिशोब निराळा. एक मीटरचा अस्तर लावलेला पट्टा दोन्ही कडांना शिवायचा म्हणजे दोन मीटर. टाका ५ मिलिमीटर धरला तरी ४०० टाके. मी मिनिटाला पाचच्या गतीने शिवते, म्हणजे ८० मिनिटं नुसते टाके, भोकं वेगळी. सरळ रेषा, एकच जाडी, कोपरे नाहीत. मशीनला याहून सोपं काम मिळायचं नाही. तुम्ही अस्तराचे पट्टे बरेच करत असाल तर मशीनचा विचार इथून सुरू होतो. एकेरी पट्टा करत असाल तर त्याला बकलपाशी मोजून दहा-वीस टाके असतात, तिथे प्रश्नच मिटला.

पण मशीनकडे वळण्याआधी तुमची हातशिलाई इतकी हळू आणि दुखरी का आहे ते तपासा. माझा अंदाज, तुम्ही टाक्यांच्या ३ मिलिमीटर अंतरावर ०.८ मिलिमीटरचा दोरा कोंबत असाल. बहुतेक सगळे नवे लोक करतात. दोरा जाड, भोक बारीक, मग सुई पकडीने ओढावी लागते, आणि मनगट जातं ते तिथेच. सुई पकडीने ओढावी लागणं म्हणजे काहीतरी चुकतंय. ३ मिलिमीटरला ०.४५ ते ०.५५, ३.३८ ला ०.५५ ते ०.६, ३.८५ ला ०.६ ते ०.८ असा दोरा धरून चला. हे ३.३८ आणि ३.८५ असे विचित्र आकडे कुठून आले असं पुष्कळ जण विचारतात. जुना फ्रेंच इंच २७.०७ मिलिमीटरचा होता. त्याचे आठ भाग केले की ३.३८, सात केले की ३.८७, जो बाजारात ३.८५ म्हणून विकला जातो, आणि नऊ केले की ३. प्रिकिंग आयर्न, म्हणजे टाक्यांच्या अंतराच्या खुणा पाडायचं दातेरी हत्यार, विकणारे आजही तो मेलेला इंच जगवतायत. तुम्ही ३ वरून ३.८५ वर गेलात तर त्याच शिवणीत टाके २२ टक्क्यांनी कमी होतात. पाकिटाला ते काही वाईट दिसत नाही.

भोकं. प्रिकिंग आयर्न मुळात नुसती खूण करण्यासाठी असतं, आरपार आरीनेच जायचं. आरपार जाणारे दातेरी पंच वेगळे. दोन मिलिमीटरपर्यंत पंच आरपार मारा, वेळ वाचतो. त्याहून जाड असेल तर पंचाने खूण करून आरी वापरा, नाहीतर मागची ओळ नागमोडी होते. पंच काय आणि आरी काय, दर पाच-दहा मिनिटांनी पॉलिश लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर घासा. बोथट आरीने शिवणं म्हणजे मनगटाला शिक्षा.

दोरा शिवणीच्या चौपट घ्या, जाड थर असतील तर थोडा जास्त. पण दोन्ही हात पसरून पुरेल त्याहून लांब एकदम घेऊ नका. मध्ये जोड आला तरी चालेल. लांब दोरा प्रत्येक टाक्यात आपल्या अंगभर ओढावा लागतो आणि भोकांतून पुन्हा पुन्हा जाऊन त्याचं मेण उतरतं, तो केसाळ होतो.

दोन्ही सुया कधीही खाली ठेवायच्या नाहीत. हा एक बदल तुमचा वेग दुप्पट करेल. काम पोनीत, म्हणजे शिवताना चामडं धरणाऱ्या लाकडी चिमट्यात, पकडा, गुडघ्यात नाही. एक सुई नेहमी पहिली. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या नेहमी त्याच अंगाने जायची, आणि ती अर्धी घातल्यावर पहिला दोरा किंचित मागे ओढून बघायचा. सरकला तर टोचला नाही, अडला तर सुई काढून पुन्हा घाला. आवळताना दोन्ही हात सारख्याच जोराने, दर वेळी त्याच दिशेला. झटका द्यायचा नाही, चामड्यात दोरा टेकला की थांबायचं. मऊ चामड्यात जास्त आवळलं तर कडा मोदकाच्या कळ्यांसारखी चुण्या घेते. शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्या, पॉलिएस्टर असेल तर टोक कापून हलकंसं वितळवा, लिनन असेल तर गोंदाचा थेंब पुरे.

हाताचा मेणलेला दोरा मशीनमध्ये घालू नका, टेन्शनच्या चकत्यांत मेण साचतं आणि महिनाभर निस्तरत बसाल. उलट चालतं: मशीनचा बाँडेड दोरा हाताने शिवता येतो, फक्त तो घसरतो म्हणून शेवट नीट बांधावा लागतो. उन्हात राहणाऱ्या वस्तूला नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर घ्या.

माझ्या कामात सध्या मिश्र पद्धत आहे. पिशवीचं अस्तर, आतले खिसे, चेन बसवणं मशीनवर. बाहेरची कड, बंद आणि बंदाचे जोड हाताने. कोपऱ्यात जिथे चार थर एकावर एक येतात तिथे मशीनचा पाय उतारावर चढतो आणि टाका आखूड पडतो, म्हणून मशीनची टीप कोपऱ्याच्या आधी थांबवते आणि उरलेले सहा-सात टाके दोन सुयांनी घालते. मशीनच्या भोकांची ओळ पुढे आरीने वाढवत न्यायची आणि अंतर सारखं ठेवायचं, जोड ओळखू येत नाही. दुरुस्तीला आलेली मशीनची कुठलीही वस्तू शेवटी याच पद्धतीने, जुन्याच भोकांतून हाताने शिवली जाते.

तुमच्याबद्दल: पाकिटांसाठी मशीन घेऊ नका. अंतर ३.८५ करा, दोरा ०.६ घ्या, आरी घासा, आणि दोन महिने बघा मनगट काय म्हणतं. त्यानंतर पिशव्यांकडे किंवा अस्तराच्या पट्ट्यांकडे जायचं ठरलं तर भुजेचं, तिन्हींच्या चालीचं, मध्यम वर्गाचं मशीन बघा. बघायला जाताना आपलं चामडं आणि आपला दोरा घेऊन जा. विकणारा स्वतःच्या मऊ तुकड्यावर वेगात टीप मारून दाखवेल, ती बघून काही कळत नाही. दोन मिलिमीटर आणि सात मिलिमीटर अशा दोन जाड्या एकापाठोपाठ शिवायला सांगा. एकेक टाका थांबत थांबत घालायला सांगा. दोनवरून सातवर चढताना टाका आखूड होतो का बघा आणि मग तुकडा उलटा करून मागची बाजू बघा. तिथे दोरा फुगलेला किंवा अडकवण बाहेर आलेली दिसली तर आधी जुळवून दाखवायला सांगा. जुळवताना त्याला किती वेळ लागतो तेही मनात मोजा. तुम्हाला घरी त्याच्या तिप्पट लागेल.

आणि घरच्या मशीनवर पाकिटाचं कापडी अस्तर आणि पातळ चामड्याचे कार्डांचे कप्पे शिवून घ्या. ते आधी शिवून मग बाहेरच्या चामड्यावर चिकटवायचे, म्हणजे दोन सुया फक्त बाहेरच्या कडेला लागतील. त्या ७० मिनिटांतली २५ तरी तिथेच वाचतील.